मधल्या वाटेचा हिशेब

पावसला आमचे घर रस्त्याच्या कडेला आहे. सायंकाळी ओटीवर बसले म्हणजे रत्नागिरीकडे जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या एस. टी. गाड्या दृष्टीस पडतात, आणि स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिराचे दर्शन घेऊन परतणारी मंडळीही. कोणाच्या कडेवर मूल असते, कोणाच्या हाती प्रसादाचा पुडा असतो, कोणी म्हातारी आई सुनेच्या खांद्यावर हात टेकून चालत असते. यांतील एखादे गृहस्थ आमचे पांढरे केस पाहून थांबतात आणि विचारतात, “मास्तर, येथून रेल्वे-स्टेशनास जावयास सगळ्यांत स्वस्त काय पडेल?”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही कित्येक वर्षे एकच देत आलो. “येथून एस. टी.ने रत्नागिरीचे स्टँड. तेथून शहरी गाडीने स्टेशन. उगाच रिक्षाला पैसे घालवू नका.” हे सांगताना आपण एका कुटुंबाचे चार पैसे वाचविले असे समाधान आम्हांस वाटत असे. परंतु २०२५ च्या मार्गशीर्षापासून आमचे उत्तर बदलले आहे. आता आम्ही आधी उलट प्रश्न विचारतो, “बरोबर कोण कोण आहे?” काहींना हा प्रश्न चोंबडेपणाचा वाटतो. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आरंभीच कबूल करितो की, आम्ही काटकसरी आहो आणि त्याची आम्हांस लाज वाटत नाही. मॅट्रिक होऊन आणि थोडेफार संस्कृत पदरी बांधून आम्ही शाळेत संधि-समास शिकविले. त्या पगारावर एकत्र कुटुंबाचा गाडा हाकावयाचा तर रोजच्या रोज हिशेबाची वही लिहिल्यावाचून गत्यंतर नव्हते. ती सवय सेवानिवृत्तीनंतरही सुटली नाही. प्रवासाचा हिशेब तर आम्ही विशेष कसोशीने ठेवतो. लांबच्या प्रवासाचे भाडे ठरलेले असते. ते कमीअधिक करणे आपल्या हाती नसते. मनुष्याची हुशारी दिसते ती मधल्या वाटेत, म्हणजे घरापासून स्टँडपर्यंत, स्टँडपासून स्टेशनापर्यंत, स्टेशनापासून बिऱ्हाडापर्यंत. येथेच पैसा गळतो आणि येथेच तो वाचविता येतो, अशी आमची समजूत होती. समजूत निम्मी खरी होती. उरलेली निम्मी कशी शिकलो ते पुढे येईल.

कोकणातल्या माणसाला मधली वाट काही नवी नाही. आमच्या वडिलांच्या वेळी मुंबईस जावयाचे म्हणजे आगबोटीने. नारळीपौर्णिमेनंतर समुद्र निवळला की बोटी सुरू होत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बंद पडत. पावसहून रत्नागिरी सुमारे २० किलोमीटर. परंतु भाट्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. बैलगाडीने खाडीच्या काठापर्यंत यावे, तरीने पलीकडे जावे, तेथून सामान हमालाच्या डोक्यावर देऊन बंदर गाठावे आणि मग बोट येईपर्यंत वाळूत वळकटीवर बसून राहावे. बोट आली तरी ती धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारूंची ने-आण पडावांतून होई. अशा रीतीने मुंबईचा भाऊचा धक्का गाठीपर्यंत माणूस चार ठिकाणी चढलेला आणि चार ठिकाणी उतरलेला असे. हा प्रवास स्वस्त होता, पण निर्धास्त मुळीच नव्हता. त्याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली, ही गोष्ट आमच्या घरी लहानपणी दबल्या आवाजात सांगितली जात असे.

साहेबलोकांची व्यवस्था मात्र निराळी होती. विलायतेहून येणाऱ्या बोटी मुंबईच्या बॅलार्ड पियरला लागत आणि त्या धक्क्यालगतच बॅलार्ड पियर मोल नावाचे रेल्वे-स्टेशन होते. बोटीतून उतरलेला साहेब चार पावलांत आगगाडीत बसे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेलसुद्धा बोटीच्या हंगामात तेथूनच सुटत असे. १९४४ साली ते स्टेशन बंद झाले. समुद्राची वाट आणि लोखंडाची वाट यांचा सांधा इतका बेमालूम जोडणे त्या काळीही शक्य होते, हे यावरून दिसते. आमच्या वाट्याला मात्र पडाव होता.

या पडावाशी आमची एक आठवण निगडित आहे. १९६४ च्या वैशाखात आमच्या थोरल्या बंधूंचे लग्न गिरगावात झाले आणि वऱ्हाड नव्या नवरीला घेऊन बोटीने रत्नागिरीस परतले. आमचे वय तेव्हा पाच वर्षांचे. बोट बंदराबाहेर उभी राहिली तेव्हा सायंकाळ झाली होती. पडाव बाजूला लागला. लाटेबरोबर तो वर आला की खलाशी हात धरून एकेक माणूस खाली घेई, लाट ओसरली की तो पुरुषभर खाली जाई. तांडेलाची आरडाओरड, बायकांची भीती, ट्रंका आणि करंड्या यांच्या गडबडीत सगळे वऱ्हाड उतरले आणि पडाव निघाला. आम्ही मात्र डेकवर एका वळकटीला टेकून झोपी गेलो होतो. थोरली मंडळी समजली की पोर धाकट्या काकूंजवळ आहे. काकू समजल्या की ते वडिलांजवळ आहे. डोकी मोजली ती एकट्या नव्या नवरीने. उतरण्याच्या जागेवरून ती मागे फिरली. सासरच्या माणसांत तोंडातून शब्द काढावयाचा नाही असा तो काळ. पडाव सुटला आणि विशीतली ती मुलगी अनोळखी डेकवर आमच्याजवळ येऊन बसली.

आम्ही जागे झालो ते रडतच. ती म्हणाली, “भावोजी, रडू नका. पडाव परत येतो.”

आणि पडाव खरोखरच परत आला. पाच वर्षांच्या मुलाला कोणी ‘भावोजी’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ. त्या आमच्या वहिनी. पुढे आई लवकर गेली आणि आमचे दुखणेखुपणे, अभ्यास, मुंज, लग्न सारे वहिनींच्या हातून झाले. आज त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. बंधू जाऊन बारा वर्षे झाली.

काळ बदलला. ‘कोकणसेवक’ आणि ‘कोकणशक्ति’ या बोटी आमच्या तरुणपणी पाहिल्या. पुढे बोटींची ती नित्याची वाहतूक बंद पडली. २६ जानेवारी १९९८ पासून रोह्यापासून मंगळूरपर्यंत कोकण रेल्वे सलग धावू लागली आणि रात्री निजून सकाळी मुंबईस उठावे इतके सुख आले. वहिनींच्या मनात मात्र समुद्र राहून गेला होता. “एकदा बोटीत बसावेसे वाटते हो,” असे त्या वर्षातून एकदा तरी म्हणत. हे आमच्या धाकट्या चिरंजीवांनी ऐकून ठेविले होते. ते नोकरीनिमित्त जर्मनीत असतात. २०२५ च्या मार्गशीर्षात सुटीवर यावयाचे ठरले तेव्हा त्यांनी मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या पर्यटन-नौकेची नऊ तिकिटे काढली आणि पत्र नव्हे तर दूरध्वनी केला, “आबा, काकूंना बोटीत बसवू. तुम्ही फक्त मुंबईस या.”

नऊ माणसे म्हणजे पावसहून पाच : वहिनी, आम्ही, घरच्या सौ., पुतण्या आणि त्याची पत्नी; आणि जर्मनीहून चार : चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात. बोटीचा खर्च मुलाने केला. तेव्हा मधल्या वाटेची व्यवस्था तरी आपण करावी आणि ती अशी करावी की, मुलाने थक्क व्हावे, असे आम्ही मनाशी ठरविले. वहीचे एक कोरे पान त्यासाठी काढले.

आरंभ तर फारच उत्तम झाला. पावस ते रत्नागिरी एस. टी.ने निघालो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील वृद्धांस एस. टी.चा प्रवास विनामूल्य आहे, म्हणून वहिनींचे तिकिट शून्य. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या लोकांस अर्धे भाडे, म्हणून आमचे अर्धे. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धे भाडे, म्हणून सौ. आणि पुतण्याची पत्नी यांचीही अर्धी. पाच जणांत पुरते तिकिट काय ते एकट्या पुतण्याचे! वयाचा पुरावा म्हणून आधारकार्ड तेवढे जवळ असावे लागते. रेल्वेत वृद्धांस मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती पुन्हा सुरू झाली नाही. परंतु आमच्या गरीब एस. टी.ने म्हाताऱ्यांना टाकले नाही, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. स्टँडवरून शहरी गाडीने स्टेशन गाठले आणि रात्रीच्या कोकणकन्येत बसलो. वहीतला आकडा पाहून आम्हांस धन्यता वाटली.

चूक झाली ती बिऱ्हाडाच्या निवडीत. नौका सुटावयाची होती बॅलार्ड पियरहून. कोकणकन्या जाते थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत, आणि तेथून बॅलार्ड पियर अगदी जवळ. शहाणा मनुष्य त्याच भागात एका रात्रीची सोय पाहता. परंतु दादरला एका परिचिताच्या ओळखीने खोल्या बऱ्याच स्वस्त मिळत होत्या. आम्ही भाड्यातला फरक पाहिला. दादर आणि धक्का यांमधील अंतर पाहिले नाही.

दुसरी चूक विमानतळाची. चिरंजीवांचे विमान मध्यरात्रीनंतर सहारला उतरावयाचे होते. आम्ही त्यांस कळवून ठेविले होते की, रिक्षा करावी, टॅक्सी महाग पडते. आता मुंबईची रिक्षा उपनगरांतच चालते. वांद्रे आणि शीव यांच्या पुढे शहरात तिला मज्जाव आहे, ही गोष्ट आम्हांस ऐकून ठाऊक होती, पण हिशेबाच्या भरात सुचली नाही. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आहे. तिचे एक स्टेशन थेट विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलपाशी आहे, दादरलाही आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाही आहे. साऱ्या मार्गाचे सर्वांत अधिक भाडे ७० रुपये. विमान दिवसा उतरते आणि सामान बेताचे असते तर याहून चांगला सांधा नव्हता. पण मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते. शेवटी दोन पेंगुळलेली मुले आणि सहा बॅगा घेऊन चिरंजीवांना दोन टॅक्सी कराव्या लागल्या, आणि मध्यरात्र ते पहाटे पाचपर्यंत टॅक्सीला सव्वापट भाडे पडते. पहाटे तीनला मंडळी दादरला पोचली. सूनबाई एका शब्दानेही काही बोलली नाही. फक्त मुलांचे बूट काढता काढता तिने आमच्या वहीकडे एकदा पाहिले.

सकाळी नऊ वाजता आम्ही पुढची योजना जाहीर केली. दादरहून लोकलने जावयाचे. तिकिट माणशी पाच रुपये. नऊ जणांचे मिळून पन्नास रुपयांच्या आत. टॅक्सीत चौघेच बसतात, म्हणजे सामानासह तीन टॅक्सी, आणि प्रत्येकीचे दोनशेंवर. चिरंजीव म्हणाले, “आबा, काकूंना जिना चढवत नाही. मोठी गाडी बोलावू.” आम्ही म्हणालो, “वहिनींचा हात आम्ही धरतो. तू सामानाचे पाहा.” वहिनी म्हणाल्या, “मला काही होत नाही.” मोठ्या माणसांच्या या वाक्यावर विश्वास ठेवावयाचा नसतो, हे आम्ही दुसऱ्यांस अनेकदा सांगितले आहे.

दादरचा पूल आणि सकाळची वेळ ज्यांनी पाहिली आहे त्यांस वर्णन नको. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी पुराच्या पाण्याची कल्पना करावी. जिना चढताना वहिनी दोनदा थांबल्या. फलाटावर उतरल्यावर त्या एका बाकावर टेकल्या आणि पदराने कपाळ पुसू लागल्या. तेवढ्यात गाडी आली. घरच्या बायका आणि नात बायकांच्या डब्याकडे धावल्या. पुतण्या आणि चिरंजीव बॅगा घेऊन पुढच्या डब्यात शिरले. आमच्या एका हातात तिकिटांची आणि कागदपत्रांची पिशवी होती. दुसऱ्या हाताने आम्ही नातवाला घट्ट धरले होते. मागून लोंढा आला आणि आम्ही आत लोटले गेलो. गाडी हलली. बायका समजल्या की वहिनी आमच्याजवळ आहेत. आम्ही समजलो की बायकांनी त्यांना डब्यात घेतले असेल. खरे सांगावयाचे तर ‘समजलो’ हाही शब्द खोटा आहे. गर्दीत आम्हांस त्यांची आठवणच झाली नाही.

आठवण झाली ती शेवटच्या स्टेशनावर. सगळे एकत्र जमले. नातीने सहज विचारले, “काकूआजी कुठे आहे?”

त्या वेळी आमच्या पोटात जो खड्डा पडला त्याला या लेखणीपाशी शब्द नाहीत. वहिनींजवळ मोबाईल नव्हता. पैसे आमच्यापाशी, तिकिट आमच्यापाशी, धक्क्याचा पत्ताही आमच्यापाशीच. मुंबईत त्या वाढल्या खऱ्या, पण ती मुंबई साठ वर्षांपूर्वीची. सौ. मटकन् बॅगेवर बसल्या. सूनबाईने मुलांना जवळ घेतले आणि शांतपणे म्हणाली, “आबा, तुम्ही आणि भाऊजी परत जा. आम्ही येथून हलत नाही.” पुतण्या आणि आम्ही समोर दिसली त्या लोकलमध्ये चढलो. परतीच्या त्या वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही प्रत्येक फलाटावर पांढऱ्या पातळातील म्हाताऱ्या बाया पाहात होतो. बोट, तिकिटे, हिशेब यांतले काहीही डोक्यात नव्हते. डोळ्यांपुढे येत होते ते एकच : संध्याकाळ, डेक, वळकटी.

वहिनी त्याच बाकावर बसल्या होत्या. शेजारी शेवंतीचा हारा घेतलेली एक फुलवाली बसली होती. तिने त्यांना पाणी पाजले होते आणि आपली गाडी सोडून ती त्यांच्याजवळ थांबली होती. आम्ही धावत गेलो आणि त्यांच्यासमोर उभे राहिलो. तोंडातून शब्द फुटेना. वहिनींनी वर पाहिले आणि जणू काही झालेच नाही अशा स्वरात म्हणाल्या, “आलात, भावोजी? या बाईला मी सांगतच होते, पडाव परत येतो म्हणून.”

सहासष्ट वर्षांचा मनुष्य भर फलाटावर रडला, हे लिहावयास संकोच वाटतो. पण लिहिले पाहिजे. त्या बाईला पैसे देऊ लागलो तर तिने घेतले नाहीत. शेवंतीची एक वेणी मात्र नातीसाठी म्हणून दिली.

पुलाबाहेर येऊन आम्ही पहिली दिसली ती टॅक्सी केली. वाटेत इतर मंडळींना निरोप दिला आणि दोन टॅक्सी करून त्यांनी धक्क्यावर यावे असे सांगितले. म्हणजे अखेर तीन टॅक्सी झाल्याच. वेळेच्या थोडे आधी सगळे पोचलो. धक्क्यावर चाकाची खुर्ची मिळाली. ती पाहून वहिनी म्हणाल्या, “मला काय झाले आहे?” परंतु नातू म्हणाला, “काकूआजी, मी ढकलतो,” तेव्हा त्या बसल्या.

रात्री जेवणानंतर त्या डेकवर जाऊन उभ्या राहिल्या. वारा गार होता. सूनबाईने त्यांच्या अंगाभोवती शाल गुंडाळली. “पावस कोणत्या हाताला?” त्यांनी विचारले. आम्ही डावा हात दाखविला. तिकडे अंधारच होता. पुष्कळ वेळ तिकडे पाहून त्या म्हणाल्या, “ही बोट रत्नागिरीस थांबत नाही, नाही का?” आम्ही म्हणालो, “नाही, वहिनी.” “असो,” त्या म्हणाल्या, “पण सुखाची आहे.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आम्ही जन्मभर मुलांना संधि शिकविले. दोन पदे जेथे भेटतात तेथे काही ना काही घडते. कधी दोन स्वर मिळून एक होतात, कधी नवा वर्ण येतो, कधी असलेल्या वर्णाचा लोप होतो. पदाच्या मध्यभागी वर्ण सुरक्षित असतो. संकट असते ते सांध्यावर. प्रवासाचेही असेच आहे. आगगाडीत, विमानात, बोटीत बसलेला मनुष्य बहुधा सुखरूप असतो. छत्री हरवते, पोर चुकते, म्हातारे माणूस मागे राहते ते सारे सांध्यावर. म्हणून जेवढे सांधे कमी तेवढा प्रवास निर्वेध. आम्ही पैसे वाचविण्यासाठी सांधे वाढविले, आणि ज्याचा लोप व्हावयाचा तो नेमका सर्वांत दुबळ्याचा झाला. वाचलेले पाचशे-सहाशे रुपये कोणाच्या खिशातून आले असे कोणी विचारले असते तर खरे उत्तर एवढेच होते की, ते वहिनींच्या गुडघ्यांतून आले. दुबळ्याच्या अंगातून काढलेल्या पैशास काटकसर म्हणता येत नाही.

आता आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे चार शब्द. प्रथम माणसे मोजावी, मग पैसे; आणि माणसे मोजताना गुडघेही मोजावे. मुक्काम निवडताना खोलीचे भाडे आणि तेथून पुढे जाण्याचा खर्च ही दोन्ही एकत्र मांडावी. स्वस्त खोली पुष्कळदा टॅक्सीत महाग होते. मुंबईस नौकेसाठी जावयाचे असेल आणि कोकणातून रेल्वेने येत असाल, तर शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन तेथेच जवळ उतरावे. विमानाने येणाऱ्यांनी आपल्या वाटेने यावे आणि सर्वांनी धक्क्यावर भेटावे. विमान दिवसाचे मिळत असल्यास थोडे अधिक पैसे देऊनही घ्यावे, कारण रात्री स्वस्त वाहने झोपी जातात. तरुण माणसे आणि हातपिशव्या असतील तर मेट्रो, लोकल, एस. टी. यांसारखे उत्तम काही नाही. परंतु म्हातारे, तान्हे आणि बोजा असे तिन्ही एकत्र आले की सर्वांना मिळून दारापासून दारापर्यंत एकच मोठी गाडी करावी; माणशी भाडे काढून पाहिले तर ते आपण समजतो तितके नसते. टॅक्सीचे भाडे फेब्रुवारी २०२५ मध्ये वाढून पहिल्या दीड किलोमीटरास ३१ रुपये झाले; म्हणजे धक्क्याजवळ उतरलेल्या कुटुंबास टॅक्सीचे भय बाळगण्याचे कारण नाही. प्रत्येक वृद्ध माणसाच्या जवळ पत्ता, दूरध्वनीचे आकडे आणि थोडे पैसे लिहून-बांधून द्यावे. आणि हात धरण्याचे काम ज्याने पत्करले त्याच्या हाती दुसरे काहीही देऊ नये.

परतीच्या वाटेची सूत्रे आम्ही आपण होऊन सूनबाईच्या हाती दिली. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी मुरगाव बंदराच्या अगदी जवळ, तर जानेवारी २०२३ पासून विमाने येऊ लागलेला मोपा पार उत्तरेस पेडण्याच्या बाजूला. नौका लागते मुरगावला. तेथून मोप्यास जाणे म्हणजे जवळजवळ सारा गोवा ओलांडणे. स्वस्त तिकिट पाहून मोप्याचे विमान घेणारी काही कुटुंबे धक्क्यावर गाडीची घासाघीस करीत असलेली आम्ही पाहिली आणि आमचे दादर आठवले. सूनबाईने आधीच एक मोठी गाडी सांगून ठेविली होती. तिने नवांना आणि सर्व सामानाला थेट मडगावच्या स्टेशनावर सोडले. दुपारच्या जनशताब्दीने रत्नागिरी. आणि तेथे पावसचीच ओळखीची गाडी उभी होती. भाट्याच्या पुलावरून जाताना वहिनींनी खाडीकडे पाहून हात जोडले. घरी येऊन हिशेब मांडला. नऊ माणसांत वाटणी केली तेव्हा जो आकडा आला तो आमच्या मूळ योजनेहून माणशी फार अधिक नव्हता. सूनबाईस म्हणालो, “तुझा हिशेब बरोबर आला.” ती म्हणाली, “आबा, मी फक्त काकूंना कोठे चढावे-उतरावे लागेल ते मोजले.”

त्या प्रवासाचे पान आमच्या वहीत अजून आहे. लोकलच्या तिकिटांपुढे आम्ही सकाळी मोठ्या अभिमानाने ‘बचत’ असा शब्द लिहिला होता. तो खोडला नाही. त्याच्याखाली फक्त एक ओळ लिहिली : ‘दादर येथे वहिनी मागे राहिल्या.’ हिशेबाच्या वहीत जमाखर्चाचे दोन्ही रकाने भरलेले असावे लागतात.

काल सायंकाळी पुन्हा एक गृहस्थ ओटीपाशी थांबले. बरोबर पत्नी, दोन मुले आणि काठी टेकीत येणारी आई. “मास्तर, स्टेशनास जावयास स्वस्त काय पडेल?” आम्ही आधी माणसे मोजली. मग आईंना आत बोलावून माजघराच्या उंबऱ्याशी बसविले. वहिनींनी त्यांना पाणी दिले; आम्ही ओळखीच्या गाडीवाल्याला हाक मारली.